कोंडीरामची नादारी

घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, ही म्हण ज्यानं कुणी केली त्यानं बोरखडीच्या कोंडीराम ढवळ्याला बघूनच केली असणार, असं गावातली म्हातारी माणसं पैजेवर सांगत. म्हण कोंडीरामच्या पणज्याहूनही जुनी होती, हा भाग वेगळा. पण असल्या बारीकसारीक गोष्टींना बोरखडीत कोण विचारतो!

कोंडीरामची जमीन चार एकर, तीही बरड. कुळव घातला की मातीच्या आधी धोंडे वर यायचे. पण तो तिला 'आमचा मळा' म्हणायचा. मळ्याला विहीर नव्हती, तर 'हिरीची जागा काढून ठिवलीया' म्हणायचा. घर एकखणी, वर पाचट. ते कौलारू करायचं चाललंय, असं तो गेली बारा वर्षं सांगत होता. गोठ्यात बैल एकच, सोन्या. जोडीतला दुसरा कुठाय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "हिऱ्या व्हय? सासुरवाडीला दिलाय. त्येंच्या पेरन्या खोळंबल्या हुत्या." सहा वर्षं झाली, सासुरवाडीच्या पेरण्या काही उरकत नव्हत्या. गावाला खरं काय ते ठाऊक होतं. तरी जामखेडच्या बाजाराला जाताना एखादा तरी मुद्दाम विचारायचाच, "काय सरकार, आला का न्हाई हिऱ्या?"

'सरकार' हे गावानं ठेवलेलं नाव. ठेवणाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं होतं, घेणाऱ्यानं मनापासून घेतलं.

आणि मिशी! मिशी मात्र अस्सल होती, तिला नाव ठेवायची सोय नव्हती. घरातून बाहेर पडण्याआधी कोंडीराम देवळीतली पितळी डबी काढायचा, बोटाच्या टोकावर तूप घ्यायचा, मिशीला लावून दोन्हीकडं पीळ द्यायचा आणि मग चावडीवर जाऊन मोठ्ठी ढेकर द्यायचा. जेवणात तूप होतं हे लोकांना न सांगता कळावं, एवढाच हेतू. तूप सासूनं दिवाळीला धाडलेलं. घरात ते दुसऱ्या कुणाच्या जिभेला लागत नसे. त्याची बायको साळूबाई म्हणायची, "आमी चटनी-भाकर खायाची आन मिशीनं तूप खायाचं. जलम घ्यावा तर मिशीचा घ्यावा बाई!"

पण कोंडीरामच्या साऱ्या बढायांत एक बढाई शंभर टक्के खरी होती. ती म्हणजे त्याची भागी. भागिरथी. एकुलती एक पोर, तेरा वर्षांची, अंगानं काडी आणि डोक्यानं कात्री. वाण्याकडून हरभऱ्याची पुडी आली की हरभरे बापाला आणि पुडीचा कागद हिला. त्या कागदावर काय असेल ते मोठ्यानं वाचून दाखवायची. अर्धी बातमी पुडीत फाटलेली असायची, ती कोंडीराम आपल्या मनानं पुरी करून चावडीत सांगायचा. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात सातवीचा निकाल लागला आणि भागी अकरा गावांच्या केंद्रात पहिली आली. कोंडीरामनं चावडीत जाहीर केलं, "आमची भागी मामलेदारीन हुनार." त्या दिवशी ढेकर जरा जास्तच लांबली.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी शाळेचे गहिनीनाथ गुरुजी सायकलवरून घरी आले.

"कोंडीराम, पोरीला राजेवाडीच्या हायस्कूलला घालायची."

"घालायची म्हंजी? घातलीच म्हना गुर्जी! आमी काय मागंफुडं बघनारं हाय व्हय?"

"तिथं फी असते. दर महिन्याची वेगळी आणि सहामाहीची वेगळी."

मिशीवर फिरणारा हात थांबला.

"पण घाबरू नका," गुरुजी म्हणाले, "तुमच्या भागीला नादारी लागेल."

चुलीपुढची साळूबाई ताडकन उठली. हातातली फुंकणी तशीच. "गुर्जी, मास्तर हायसा म्हून ऐकून घेते. माजी पोरगी कुनाच्या नादाला लागनारी न्हाई!"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "नाद नव्हे हो वहिनी, नादारी! ज्यांची मिळकत वर्षाला बाराशेच्या आत, त्यांच्या पोरांची फी माफ. सरकार भरतं. अकरावीपर्यंत एक पैसा लागत नाही. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणायचा, की झालं."

"मंग ह्ये लई बेस हाय की," म्हणून साळूबाईनं फुंकणी खाली ठेवली.

कोंडीरामनं मात्र हळूच विचारलं, "गुर्जी, नादार म्हंजी वो काय?"

गुरुजी सरळ माणूस, खरं बोलून बसला. "नादार म्हणजे, ज्याच्यापाशी काही नाही तो."

झालं! कोंडीरामचा चेहरा असा झाला की भर बाजारात कुणी धोतर ओढलं असावं. "मंग ती दुसऱ्या कुनाला तरी द्या," तो म्हणाला. "आमी न्हाई नादार."

गुरुजी समजावून थकले. साळूबाई बोलून थकली. शेवटी कोपऱ्यात बसलेली भागी बोलली. "आबा, तुमी चावडीत सांगितलंय न्हवं, मी मामलेदारीन हुनार म्हून? सातवीवर मामलेदारीन करत न्हाईत."

कोंडीराम आपल्याच शब्दाच्या फासात सापडला. दिलेला शब्द मागं घेतला तर चावडी काय म्हणेल! "आनतो की," तो गुरकावला. "एक कागूद तर आनायचा."

गुरुजींनी खटपट करून भागीचं नाव हायस्कूलात घातलं. दाखला मागाहून, पण जूनच्या शेवटच्या शनिवारपर्यंत दाखला नाही तर फी, दोन्हीतलं काही आलं नाही की नाव कमी. अशी बोली झाली आणि भागी रोज तीन मैल जायला लागली. पायात काही नाही, पण चालणं बघावं तर कोंडीरामची लेक शोभावी.

तलाठी भाऊसाहेबांकडं चार गावं. बोरखडीला ते फक्त शुक्रवारी यायचे. शुक्रवारी सकाळी साळूबाईनं नवऱ्याला तीनतीनदा पढवलं. "आठशे म्हनायचं. दुसरं एक आकशर बोलायचं न्हाई. काय म्हनायचं?"

"आठशे."

"आन मिशीला आज काय लावू नगा."

एवढं मात्र कोंडीरामला ऐकू आलं नाही.

चावडीत पोचला तर आधीच पाच-पंचवीस माणसं बसलेली. भाऊसाहेबांच्या पुढ्यात मच्छिंद्रआण्णा. मच्छिंद्रआण्णा म्हणजे गावातली बडी असामी. दोन विहिरी, एकीवर तेलाचं इंजिन, वाड्यात तीन म्हशी. पण त्या दिवशी आण्णांच्या अंगात खांद्यावर फाटलेली पैरण, मान खाली आणि आवाज तीन दिवसांच्या उपाशी माणसाचा. पैरण सालगड्याची होती. तो गडी त्या दिवशी उघडाच औत हाकत होता, हे मागाहून कळलं.

"आमचं कसलं आलंय उत्पन्न भाऊसाहेब," आण्णा म्हणाले, "औंदा पानीच न्हाई. पोराच्या फीचं तेवढं बघा."

भाऊसाहेबांनी नऊशे लिहिले आणि शिक्का मारला. चावडीतलं कुणी बोललं नाही. आण्णांच्या मिरचीत सगळ्यांच्या बायका खुरपायला जायच्या.

"पुढं कोण? कोंडीराम ढवळे? या. वार्षिक उत्पन्न?"

कोंडीराम मनात घोकत होता, आठशे, आठशे. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊसाहेब, दौतीत शाई बघून घ्या. सरकारांचा आकडा हाय, शून्यं लई लागतील!" चावडी फिस्सकन हसली. पंचवीस माणसांचे डोळे मिशीवर. मिशी चकचकत होती. त्या मिशीखालून 'आठशे' कसं बाहेर पडावं? कोंडीरामनं घसा खाकरला.

"चार..." तो म्हणाला आणि थांबला.

"चारशे?" भाऊसाहेबांनी टाक उचलला.

देवानं दार उघडून दिलं होतं, नुसतं आत जायचं होतं. पण माणसाची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

"चारशे?" कोंडीराम उसळला. "चारशेची तर आमची वैरन हुती भाऊसाहेब! चार हजार लिव्हा!"

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "हे तुम्ही फीमाफीसाठी मागताय ना?"

"व्हय."

"आणि चार हजार लिहू?"

"कमी पडत्यात काय?"

भाऊसाहेब उन्हातून आलेले, अजून दोन गावं करायची राहिलेली. त्यांनी चार हजार लिहिले, शिक्का हाणला आणि कागद हातात दिला. कोंडीराम चावडीतून निघाला तो छाती काढूनच. शिक्का केवढा गोल, केवढा निळा! वाचता येत नव्हतं म्हणून काय झालं, शिक्का तर दिसत होता.

घरी भागीनं कागद वाचला. मनात एकदा, मग मोठ्यानं. "...यांचे वार्षिक उत्पन्न रुपये चार हजार." तिनं मान वर केली. "आबा, ह्ये आपलं हाय?"

"आपलं न्हाई बाई," साळूबाई म्हणाली, "ह्ये तुज्या बापाच्या मिशीचं हाय." एवढंच बोलून ती भाकरी थापायला बसली, आणि त्या दिवशी भाकरीला जरा जास्तच थापा बसल्या.

हायस्कूलच्या हेडमास्तरांनी कागद बघून गुरुजींना साफ सांगितलं, चार हजारवाल्याला नादारी कशी देणार? फी भरा. घरात विकण्यासारखी एक शेळी होती. भागीनं बोटांवर हिशोब केला. आठवी ते अकरावी चार वर्षं, वर्षाला दोन सहामाह्या, एका सहामाहीला एक शेळी. "आठ शेळ्या लागतील," ती म्हणाली. कोंडीरामच्या तोंडून सवयीनं 'आनू की' निघालं होतं, पण त्यानं ते परत गिळलं.

भागी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कोंडीरामला तिला गप्प तरी करता आलं असतं. तिनं गुरुजींनी दिलेली जुनी पुस्तकं फडक्यात बांधली, खुंटीला अडकवली आणि सोमवारपासून आईबरोबर खुरपायला जाऊ लागली. मच्छिंद्रआण्णांच्या मिरचीत.

गुरुवारी कोंडीराम सोन्याला चारून माघारी येत होता. आण्णांच्या बांधाशी आला आणि त्याला आण्णांचा कानिफ दिसला. सातवीला दोनदा आपटून तिसऱ्यांदा कसंबसं सुटलेलं ते पोरगं. नवी सायकल बाभळीला टेकवून मिरचीच्या कडेला उभं. पोराच्या मनात काही वाकडं नव्हतं, बिचाऱ्याचं डोकंच चालत नव्हतं.

"भागे, येवढं गनित सांग की," ते म्हणत होतं. "मास्तर उद्या मारतील."

भागीनं गणित ऐकलं, बसल्या जागी खुरप्याच्या टोकानं मातीत मांडलं आणि सोडवून दिलं. मग विचारलं, "फुडचा धडा कंचा झाला रं?"

"मला काय ठावं?"

"पुस्तक दावतोस?"

तिनं दोन्ही हात परकराला घासून पुसले, पुस्तक घेतलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. ओठ भराभर हलत होते. तिकडून आण्णांची बायको ओरडली, "ए भागे! वाचायची मजुरी देती व्हय मी तुला?" भागीनं पुस्तक मिटलं, कानिफच्या हातात दिलं आणि पुन्हा खाली बसली. मातीतलं गणित तिनंच खुरपून काढलं, तिथं गवत होतं.

कोंडीराम बाभळीआडून हे सगळं बघत होता. चार हजारांचा शिक्का ज्याच्या नावावर, त्याची पोर नऊशेवाल्याच्या शेतात मजुरीला! आणि त्या नऊशेवाल्याचं पोरगं सायकलवरून फुकट शाळेला! असं कसं झालं, कुणी केलं, हे विचारायला कुठं जायची गरज नव्हती. करणारा बाभळीआड उभा होता. आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत द्यावी असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी साळूबाई पाणी घेऊन आली तर कोंडीराम अंगणात बसून राख लावून मिशी घासत होता.

"आगं बया! कोन गेलं म्हनायचं?"

"कोन न्हाई गेलं," तो म्हणाला. "येतो जाऊन."

चावडीत आधी कुणी ओळखलंच नाही. पीळ गेलेली मिशी दोन्हीकडून खाली लोंबत होती, आणि ढेकर नाही. तो सरळ भाऊसाहेबांपुढं जाऊन बसला. "भाऊसाहेब, दाखला चुकला. बदलून द्या."

"मी चुकलो?"

"मी चुकलो."

भाऊसाहेबांनी टाक ठेवला. "शिक्का बसलेला कागद असा बदलत नाही. पंचांसमोर जबाब द्यावा लागेल. काय आहे, काय नाही, एकूण एक. मी लिहून घेणार, तुम्ही अंगठा करणार."

पंच म्हणजे चावडीच. चावडी सरसावून बसली. लांबचे जवळ आले, जवळच्यांनी तंबाखू मळायची थांबवली. मच्छिंद्रआण्णाही होते. आज काम नव्हतं म्हणून स्वतःच्याच पैरणीत होते, पांढरीशुभ्र.

"सरकार, चार हजार कुटं सांडलं वो?" कुणीतरी खडा टाकलाच.

कोंडीरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळाला घाम. तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. मग डोळ्यांपुढं ते मातीतलं गणित आलं.

"लिव्हा भाऊसाहेब. जिमीन चार एकर. मळा न्हाई, बरड हाय. हीर न्हाई. हिरीची जागा बी न्हाई, समदा खडक हाय."

चावडी हसली.

"घर येक खन. वर पाचट. पावसुळ्यात तिघं तीन कोपऱ्यात बसतो, चौथ्यात पानी बसतं."

चावडी आणखी हसली.

"बैल येक."

"आन हिऱ्या?" मागून नेहमीचा आवाज आला. "सासुरवाडीचा हिऱ्या धरा की!"

कोंडीरामनं मान वळवली. "हिऱ्या मेला," तो म्हणाला. "सा वर्सं झाली. पोट फुगून मेला. ह्या हातानं बांधाला पुरला. सासुरवाडीला त्यो कंदी गेलाच न्हाई."

हसणं एकदम थांबलं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, पण ती ह्याच्या तोंडून ऐकायची सवय कुणालाच नव्हती. विचारणारा गडी तंबाखूच्या चंचीत काहीतरी शोधायला लागला. भाऊसाहेबांचा टाक तेवढा कुरकुरत होता.

आणि मग गंमत झाली. सगळ्यात जड धोंडा एकदा उतरून ठेवल्यावर कोंडीरामला हलकं हलकं वाटायला लागलं. जीभ सैल झाली. आणि ती जीभ कुणाची? कोंडीरामची! लहान काही बोलणं तिला माहीतच नव्हतं.

"थांबा, टाक ठिवू नगा!" तो म्हणाला. "शेळी येक, ती बी भाकड. धोतरं दोन, दुसरं ह्येच्याहून फाटकं. आन ही मिशी! लोकास्नी वाटतंय तूप हाय. तूप संक्रांतीलाच सरलं, तवापासनं करडीचं त्याल हाय. लिव्हा, करडीचं त्याल! आमचं मांजर रोज उशाला यिऊन मिशी हुंगायचं, संक्रांतीपासनं ढुंकून बघंना. मांजराला कळलं, तुमाला न्हाई कळलं!" तो आता उभाच राहिला. "सांगा, ह्या बोरखडीत माज्यावानी नादार दुसरा कोन हाय? असंल त्यानं हुबा ऱ्हावा!"

कोण उभा राहणार? कोंडीरामनं चावडीवर नजर फिरवली, ती पांढऱ्याशुभ्र पैरणीवर येऊन थांबली.

"हां, कागदावर मच्छिंद्रआण्णा हायेत म्हना. त्येंचं नऊशे लागलंय. भाऊसाहेब, माजं सातशे लिव्हा. आण्णांच्या बरूबर बसायची आपली ऐपत न्हाई."

चावडी अशी फुटली की पिंपळावरचे कावळे उडाले. आण्णांना एकाएकी इंजिनात तेल घालायची आठवण झाली. भाऊसाहेबांना खोकल्याची उबळ आली, ती शिक्का मारेपर्यंत थांबली नाही. पुढच्या सहामाहीला कानिफची फी आण्णांनी गुपचूप भरली, तेवढं इथंच सांगून टाकतो.

शनिवारी सकाळची शाळा. बापलेक उजाडताच निघाले. खुंटीवरचं फडकं भागीच्या काखेत, कागद कोंडीरामच्या टोपीत. ओढा ओलांडल्यावर भागी म्हणाली, "आबा, वाचू का?"

"वाच."

ती चालता चालता वाचायला लागली. जमीन, घर, शेळी. मग म्हणाली, "अर्जदाराकडे बैल एक. दुसरा बैल सहा वर्षांपूर्वी मयत."

"मयत म्हंजी?"

"मेला."

कोंडीरामनं कागदात डोकावलं. "त्येचं नाव लिव्हलंय का?"

"न्हाई आबा."

"लिव्हाय पायजे हुतं," तो म्हणाला आणि उपरण्यानं नाक शिंकरलं.

हेडमास्तरांनी दाखला दोनदा वाचला, दुसऱ्यांदा जरा हसत वाचला आणि भागीला वर्गात पाठवलं. कोंडीरामला जायला सांगितलं होतं, पण तो गेला नाही. वर्गाच्या खिडकीबाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

तो नेमका फीचा दिवस होता. वर्गमास्तर एकेक नाव घ्यायचे. ज्याची फी असेल त्यानं पुढं जाऊन भरायची, ज्याला माफी असेल त्यानं जागेवरून 'नादार' म्हणायचं, अशी तिथली रीत. फी भरणारी पोरं पाय वाजवत जायची. नादार पोरं मात्र मान खाली घालून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात तो शब्द उरकायची. एक तर इतकं हळू बोललं की मास्तरांनी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. लिंबाखालचा कोंडीराम खिडकीशी आणखी सरकला. काल चावडीत स्वतःसाठी त्याला एवढी लाज वाटली नव्हती. आपण मोकळे झालो, पण हा शब्द आता पोरीनं अकरावीपर्यंत दर महिन्याला गिळायचा की काय?

"भागिरथी कोंडीराम ढवळे!"

भागी उभी राहिली. मान ताठ. चावडीत सरकार बोलायचे त्याच सुरात, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशी खणखणीत म्हणाली, "नादार!"

मास्तर दचकले. "अगं, मी बहिरा नाही."

वर्ग हसला, पण टिंगलीनं नव्हे, मोकळं हसला. भागीही हसली आणि खाली बसली. तिच्यामागून नाव आलेलं पोरगं जरा थांबलं, मग तेही मोठ्यानं म्हणालं, "नादार!" त्याच्या पुढचं त्याहून मोठ्यानं. मास्तरांनी कानात बोटं घातली.

बाहेर कोंडीरामचा हात आपोआप मिशीवर गेला. मिशी कोरडी, राखेनं घासलेली, पीळ काही बसेना. तरी त्यानं तीनदा दिला.

पुढच्या जूनला बोरखडीतून सहा पोरं हायस्कूलला निघाली, त्यातल्या तीन पोरी. त्यांच्या बापांना घेऊन चावडीत कोण गेलं असेल? "मान वर ठिवा," कोंडीराम त्यांना दरडावत होता, "चोरी केलीया का? सरळ सांगायचं. आन बैल किती त्ये खरं सांगा, सासुरवाडीचं धरायचं न्हाई!" नादारी कशी मागावी हे सात गावांत आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो सांगायचा. अर्ज भागी लिहून द्यायची. अक्षर बघून भाऊसाहेब म्हणायचे, दप्तरच घेऊन बस की बाई माझं.

पण ते सगळं पुढचं. त्या शनिवारी दुपारी बापलेक घरी आले तेव्हा साळूबाई दारातच उभी होती. तिनं दोघांची तोंडं बघितली. मग आत गेली आणि उतरंडीच्या पार तळातून एक बारकं गाडगं काढलं. झाकण उघडलं. तूप. निम्मं गाडगं तूप!

कोंडीराम बघतच राहिला. "आगं, ह्ये तर संक्रांतीला सरलं हुतं न्हवं?"

"सरलं न्हवतं, मी सारलं हुतं," साळूबाई म्हणाली. "डबीत त्याल घालीत हुते. पोरगी हायस्कूलला लागंल त्या दिशी काढू म्हनलं." मग तिनं बोटावर तूप घेतलं आणि नवऱ्यापुढं धरलं. "घ्या. आज लावा, आज शोभंल."

कोंडीरामनं ते बोट बघितलं. मग भाकरीपुढं बसलेली भागी बघितली. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत भरलेले.

"मला नगं," तो म्हणाला. "पोरीच्या भाकरीवर घाल."

साळूबाईनं घातलं. चांगलं सढळ हातानं घातलं. भागी जेवायला लागली आणि तूप तिच्या हनुवटीवर आलं. कोंडीराम भिंतीला टेकून तिच्याकडं बघत राहिला. मग जरा वेळानं, इकडं तिकडं बघत, हळूच म्हणाला,

"आगं ए, बोटाला ऱ्हायलंय न्हवं थोडं, त्ये कशाला वाया घालवतीस?"

आणि त्यानं मिशी पुढं केली.